गाडी आली, रिक्षा नाही

ठाण्याहून वाशी गाडी पकडायची, घणसोलीला उतरायचं, पुढे शेअर रिक्षा. यातलं एक जरी बंद असलं तरी मी ऑफिसात पोचत नाही. मीडिएशनच्या, म्हणजे परिणाम मधल्या एखाद्या दुव्यातून पोचतो का हे पाहणाऱ्या, चाचणीतला घोळ नेमका हाच आहे, हे परवा रिक्षासाठी ताटकळताना डोक्यात आलं.

आमच्याकडचं काम असं: रोज चालल्याने झोप सुधारते आणि त्या झोपेमुळे साखर उतरते का? चालणं ते झोप हा टप्पा अ, झोप ते साखर हा ब. झोपेतून येणारा परिणाम म्हणजे अ गुणिले ब. टीममधल्या नव्या मुलाने सोबेल चाचणी लावली, 1982 सालची: हा गुणाकार शून्याहून खरंच वेगळा आहे का, ते ती बघते. दोन्ही टप्प्यांचा झेड, म्हणजे अंदाज त्याच्या प्रमाण त्रुटीच्या किती पट ते, 2.4; म्हणून प्रत्येकाचा पी, म्हणजे परिणाम नसतानाही योगायोगाने इतका मोठा आकडा येण्याची शक्यता, 0.016. सोबेलचा झेड मात्र 1.70, पी 0.09, नेहमीच्या 0.05 च्या रेषेच्या वर.

"मॅडम, यात काही नाही."

मी पाठकोरा कागद ओढला. समज, अ आणि ब दोन्ही शून्य आहेत. मोठ्या नमुन्यात सोबेलचा आकडा तेव्हाही घंटेच्या आकारातच पडतो, पण त्याचं प्रमाण विचलन, म्हणजे आकड्यांचा पसारा, 1 नसतं, 0.5 असतं. आपण फूटपट्टी मात्र पसारा 1 धरून 1.96 चीच लावतो, आकडा त्यापलीकडे गेला तरच परिणाम आहे म्हणतो. शंभरात पाच खोटे इशारे चालले असते, तिथे दहा हजारांत जेमतेम एक येतो.

"मग चांगलंच की!"

कसलं चांगलं? इतकी भित्री चाचणी खरा परिणामही गिळून बसते. दोन्ही टप्पे वेगवेगळे तपासून दोन्ही पास झाले तरच हो म्हणायचं, या साध्या रीतीतसुद्धा दहा हजारांत पंचवीस येतात. शिवाय 'परिणाम नाही' हे तीन तऱ्हांनी खरं असू शकतं: गाडी नाही, रिक्षा नाही, किंवा दोन्ही नाहीत. आपल्यावर कुठली वेळ आहे ते आधी कळत नाही, म्हणून सगळ्यांना एकच फूटपट्टी बसत नाही.

मग त्याने बूटस्ट्रॅप केलं, म्हणजे आमच्याच नमुन्यातून पुन्हा पुन्हा नमुने उचलून दर वेळी अ गुणिले ब मोजला, 5,000 फेऱ्या. त्यातून आलेल्या विश्वास अंतरालात, म्हणजे खरा परिणाम जिथे असू शकतो त्या पट्ट्यात, शून्य नव्हतं. स्वारी खूश.

मला तरी चैन पडेना. चालणं आम्ही चिठ्ठ्या टाकून वाटलं होतं. झोप कुणी वाटली नव्हती. रात्रपाळीवाल्याची झोपही बिघडते आणि साखरही चढते, मग ब कुणाच्या खात्यावर लिहायचा? बूटस्ट्रॅपच्या लाख फेऱ्या मारल्या तरी हे सुटत नाही. शिफ्टचा रकाना आहे का, विचारलं. त्याने फॉर्म दोनदा वरखाली केला. तो प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता.