गुऱ्हाळातल्या फोटोत पार्श्वभूमी किती गडद करावी?

कोल्हापूरच्या आसपासच्या गुऱ्हाळांत काढलेल्या फोटोंमध्ये एक अडचण हमखास आढळते. काहिलीतला रस ढवळणारा गुळव्या हा फोटोचा विषय असतो. परंतु पाहणाऱ्याची नजर त्याच्यामागच्या दारातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यावर, प्लॅस्टिकच्या पांढऱ्या पिंपावर किंवा ट्यूबलाइटवर जाऊन अडकते, कारण चित्रातील सर्वांत उजळ जागेकडे डोळा आधी वळतो. अशा वेळी संपूर्ण पार्श्वभूमी काळी करून टाकण्याचा मोह अनेकांना होतो. मला तो पटत नाही. चिपाडांचा ढीग, धुराने काळवंडलेला पत्रा आणि पेटलेले चुलाण यांच्यामुळेच तो माणूस गुळव्या म्हणून ओळखू येतो. म्हणून विषयाशी स्पर्धा करणाऱ्या जागाच गडद करून दाबाव्यात.

हे तंत्र संगणकाच्या आधीपासूनचे आहे. डार्करूममध्ये, म्हणजे फिल्मवरून फोटो छापण्याच्या अंधाऱ्या खोलीत, कागदाला मूळ एक्स्पोजर (प्रकाश) दिल्यानंतर पुठ्ठ्याच्या छिद्रातून कागदाच्या ठरावीक भागावर अधिक प्रकाश टाकत आणि तो भाग गडद होत असे. यालाच बर्निंग म्हणतात. कडा उमटू नये म्हणून पुठ्ठा सतत हलता ठेवावा लागे. आज संगणकावर मास्कच्या, म्हणजे बदल ज्या भागापुरता करायचा त्या निवडीच्या, कडेला दिलेले फेदर (कडेचा मऊपणा) तेच काम करते.

लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सिलेक्ट सब्जेक्ट’ने विषय निवडून तो मास्क उलटा केला, की पार्श्वभूमी हाती येते. त्यावर मी एक्स्पोजर अर्धा स्टॉप, फार तर एक स्टॉप उतरवतो. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा, त्यामुळे हा बदल दिसतो त्याहून मोठा असतो. त्यानंतर उन्हाच्या पट्ट्यासारख्या उजळ जागांसाठी ल्युमिनन्स रेंजचा (ठरावीक उजळपणाच्याच जागा निवडणारा) वेगळा मास्क करून केवळ हायलाइट्स, म्हणजे सर्वांत उजळ छटा, कमी करतो. मात्र ऊन जळून पूर्ण पांढरे झाले असेल, तर तेथे केवळ निर्जीव करडा डाग उरतो. तपशील परत येत नाही. म्हणून फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने टिपलेली माहिती प्रक्रिया न करता राखणाऱ्या फाइलमध्ये) आणि किंचित कमी एक्स्पोजर ठेवून काढलेला बरा.

खरी परीक्षा वाफेची असते. उकळत्या काहिलीवरची वाफ गुळव्याच्या छातीपुढूनही जाते आणि त्याच्यामागेही पसरते, त्यामुळे ती विषयात धरावी की पार्श्वभूमीत, हे सॉफ्टवेअरला उमगत नाही. ते वाफेला मधोमध कापते आणि माणसाभोवती उजळ कडा राहते, जी पाहताच फोटोवर झालेले काम उघडे पडते. अशा ठिकाणी आपोआप झालेल्या मास्कमधून वाफेचा भाग मोठ्या, मऊ ब्रशने वजा करावा. ब्रशचा फ्लो (एका फटक्यात होणारा परिणाम) अगदी कमी ठेवून तोच भाग पुन्हा पुन्हा पुसावा, म्हणजे गडदपणा वाफेत हळूहळू विरतो. शिवाय मागून ऊन येत असेल, तर वाफ उजळ असणे स्वाभाविकच आहे. ती काळवंडली, तर प्रकाश कोठून आला हेच कळेनासे होते.

रंगाकडेही लक्ष हवे. फोटोशॉपमध्ये कर्व्हजने (छटांचा उजळपणा बदलणाऱ्या आलेखाने) मधल्या छटा खाली ओढल्या, की गंजलेला पत्रा नको इतका तांबडा दिसू लागतो; त्या लेअरचा (थराचा) ब्लेंड मोड ‘ल्युमिनॉसिटी’ केल्यास बदल केवळ उजळपणावर होतो आणि हा दोष बराच आटोक्यात येतो. (तरीही राहिला, तर पार्श्वभूमीचे सॅच्युरेशन, म्हणजे रंगांची तीव्रता, थोडे उतरवावे.) फोटो लहान करून पाहिला, की प्रमाण चुकले असल्यास लगेच कळते.

घरी लावायच्या किंवा हौसेच्या फोटोत हे सारे चालते. वृत्तछायाचित्रात मात्र मर्यादा कडक आहे : ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ स्पर्धेच्या नियमांनुसार छटा गडद करून पार्श्वभूमी किंवा तिच्यातील माणसे झाकून टाकण्यास मनाई आहे. त्यामुळे बातमीसाठी गुऱ्हाळाचा फोटो तयार करताना मागे चिपाडे वाहणारा कामगार मंद झाला तरी चालेल, पण तो दिसायलाच हवा.