तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीचं शेवटी काय निघालं?

प्लगची कॅप निघाली, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लगवरची टोपी. शंभराच्या आतबाहेरची वस्तू. "सर, तुमच्या गाडीचं शेवटी काय निघालं?" असं कुणी विचारलं की गेली दोन वर्षं मी हेच सांगतो आणि विषय मिटवतो. विचारणारे कमी नाहीत. जूनची पहिली सर आली की स्टाफरूममध्ये विचारतात, गोडोलीत आमच्या गल्लीत विचारतात, पोवई नाक्यावर चहा पिताना मला धड ओळखतही नसलेल्या माणसाने विचारलंय. दोष माझाच. पावसात बंद पडणारी गाडी घेऊन मी दोन पावसाळे सगळ्यांचं डोकं खाल्लं, मग शेवट ऐकायचा हक्क त्यांना आहेच.

पण परवा शाळेत नव्याने आलेल्या सरांनी विचारलं. मी सवयीने "प्लगची कॅप" म्हणालो. ते म्हणाले, "म्हणजे तेच होतं, खात्री झाली होती ना?" त्यांचीही जुनी गाडी कासच्या धुक्यात बंद पडते, म्हणून ते गंभीरपणे विचारत होते. मी "हो" म्हणालो. ते "हो" खोटं होतं. तेव्हा एकदा काय ते सगळं सांगतो.

गाडी २०११ची, कार्ब्युरेटरवाली, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली. कंपनीचं नाव विचारू नका, गाडीचा यात काही गुन्हा नाही. उन्हाळ्यात, थंडीत एका किकवर चालू. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कास ओलांडून पलीकडे आमची शाळा. जाऊन येऊन साठेक किलोमीटर, आणि पावसाळ्यात त्यातलं निम्मं ढगात. २०२२च्या जुलैत पहिल्यांदा मिसिंग मारायला, म्हणजे गचके द्यायला लागली आणि बंद पडली. पंधरा-वीस मिनिटं उभी केली की चालू, पुन्हा तीन-चार किलोमीटर, पुन्हा बंद. मिस्त्रीने प्लग बदलला. मग एअर फिल्टर. मग म्हणाला, साईड स्टँडचा स्विच असेल, तो काढून वायर थेट जोडली. दर वेळी गाडी गॅरेजात आली की शहाण्यासारखी चालायची, कारण गॅरेजात पाऊस पडत नाही.

या आजाराची खोड अशी आहे की डॉक्टरकडे पोचेपर्यंत ताप उतरलेला असतो.

२०२३च्या जूनमध्ये मिस्त्री म्हणाला, "सर, पेट्रोलमध्ये पाणी उतरतंय." मी ऐकून सोडून देणाऱ्यातला नाही, नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू ढिला करून पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं. तळाशी दोन थेंब होते, मोत्यासारखे गोल, बाटली तिरकी केली की तळावर पळायचे. पाणी! मला कोण आनंद झाला. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, २०२२मध्येच ते १० टक्क्यांवर गेलं होतं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोघं मिळून पेट्रोल सोडून टाकीच्या तळाला बसतात. मी हे स्टाफरूममध्ये फळ्यावर काढून दाखवलं होतं. काहींना आठवत असेल. त्याबद्दल माफी.

टाकी खोलून धुतली. आणि वरून पाणी जाऊ नये म्हणून टाकीच्या झाकणावर दुधाची रिकामी पिशवी धुऊन घट्ट ताणून बसवली, वर सायकलच्या ट्यूबची कापलेली रिंग. ही अक्कल माझी. मिस्त्रीने फक्त "झाका कायतरी" म्हटलं होतं.

आता तो दिवस.

दहावीची जुलैची पुरवणी परीक्षा होती. आमच्या शाळेतला एक मुलगा मार्चला गणितात आणि इंग्रजीत गेला होता. बामणोलीच्या अलीकडच्या एका वाडीतला. बाप मुंबईत, आई आणि म्हातारी घरी. त्या दिवशी गणित भाग १, पेपर अकराचा, केंद्र साताऱ्यात. मी आदल्या संध्याकाळी मुद्दाम शाळेजवळच्या खोलीवरच मुक्काम केला आणि त्याला सांगितलं, एसटीच्या नादाला लागू नको, घाटात झाड पडलं तर अडकशील, मी नेतो. टाकी साताऱ्यातूनच काठोकाठ भरून आणली होती. इतकी तयारी.

साडेआठला निघालो. पोराच्या अंगावर इरलं म्हणावं असं प्लास्टिक, पोटाशी पॅड, आणि हॉलतिकीट दुधाच्या पिशवीत घालून दोऱ्याने बांधलेलं. कासच्या तळ्याच्या अलीकडे पहिल्यांदा बंद पडली. तळ्यावर धुकं असं की काठाचा दगडसुद्धा दिसेना. मी पेट्रोलचा कॉक बघितला, किका मारल्या, प्लगची वायर हलवली. मग पेट्रोल हलवून बघावं म्हणून पिशवी काढून झाकण उघडलं, टाकी भरलेली होती, झाकण लावलं, पिशवी चढवली. तोवर पंधरा मिनिटं झाली होती. चालू झाली.

दोन किलोमीटरवर पुन्हा. पुन्हा तेच सगळं, त्याच क्रमाने, आणि शेवटी झाकण. चालू झाली. तेव्हा पोरगा मागून म्हणाला, "सर, झाकान उघाडलं की चालू हुतीया बघा."

मी म्हणालो, "पेट्रोल भरपूर आहे रे. तू तुझी सूत्रं आठव."

हे वाक्य मला शब्दाला शब्द आठवतं. बाकी मी काय काय बोललो ते विसरलो असेन, पण हे नाही. गणितात नापास झालेल्या पोराने दोन निरीक्षणांवरून एक अंदाज बांधला होता, आणि त्याच्या विज्ञानाच्या सरांनी त्याला सूत्रं आठवायला लावली.

गाडी चालू करून मी रेस धरून उभा होतो आणि मागून धुक्यातून पिवळे दिवे आले. एसटी. बामणोलीची, साताऱ्याला जाणारी. ड्रायव्हरने आम्हाला बघून वेग कमीही केला. पोरगा गाडीवरून उतरलाच होता. एक हात वर केला असता तर थांबली असती, आणि पोरगा पेपरच्या वेळेआधी पोचला असता. मी हात वर केला, पण पुढं जा म्हणून. गाडी चालू झाली होती ना! पोराला म्हणालो, "बस मागं, आता नाही बंद पडत." तो बसला. एसटी गेली.

यवतेश्वरच्या अलीकडे बंद पडली ती पडलीच. या वेळी मी झाकण उघडलं नाही. का नाही? पोरगा म्हणाला होता म्हणून? दोनदा विचार केला तर हे उत्तर मला आवडत नाही, आणि तीनदा केला तर खोटंही वाटत नाही. भांबवलीचा धबधबा बघून परतणाऱ्या दोन मोटारी गेल्या, एकीने काच खाली घेऊन "हेल्प पाहिजे का" विचारलं आणि आत जागा नव्हती. अकरा वाजून गेल्यावर दुधाचा टेम्पो आला. गाडी कडेला लावून आम्ही कॅनच्या मधे उभे राहून उतरलो. केंद्रावर पोचायला पावणेबारा. दोन तासांचा पेपर. गेटवरची माणसं चांगली बोलली, पण आत सोडणं त्यांच्या हातात नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. पोराने दोरा सोडून हॉलतिकीट काढलं आणि मला दाखवलं. कोरडं ठक्क होतं.

संध्याकाळी गाडी आणायला गेलो तेव्हा पाऊस उघडला होता. रागाच्या भरात पहिलं काम काय केलं असेल तर झाकणावरची पिशवी फाडून दरीत भिरकावली. किक मारली. पहिल्या किकला चालू. घरापर्यंत एकदाही मिसिंग नाही.

रात्री जेवण झाल्यावर पार्किंगमधला दिवा बंद केला, गाडी चालू ठेवली आणि हिला इस्त्रीचा पाण्याचा फवारा घेऊन उभं केलं. प्लगवर फवारा मारला आणि दिसलं. कॅपच्या खालच्या कडेपासून इंजिनच्या फिन्सवर निळसर धागे पळत होते, मुंग्यांची रांग पळावी तसे, टिकटिक आवाज करत. दुसऱ्या फवाऱ्याला गाडी गचके देऊन थांबली. ही म्हणाली, "दिवाळीच दिसतीय." टॉर्च धरून बघितलं, कॅपला केसाएवढी चीर होती. प्लगला ठिणगी पाडायला दहा-वीस हजार व्होल्ट जातात. चिरेत पाणी बसलं की विजेला प्लगच्या टोकापर्यंत जायची गरजच उरत नाही, तिथूनच ती इंजिनच्या धातूत उतरते. इंजिन थांबलं की त्याच्याच उष्णतेने चीर पंधरा-वीस मिनिटांत वाळते, आणि गाडी चालू. सगळं जुळत होतं. दुसऱ्या दिवशी नवी कॅप आणली, वायरचं हिरवं पडलेलं टोक अर्धा इंच छाटून कॅप पिळून बसवली, आत थोडं सिलिकॉन ग्रीस. त्यानंतर आजतागायत गाडी पावसात बंद पडलेली नाही.

तर कॅप निघाली, हे खोटं नाही. मी डोळ्यांनी बघितलंय, हिने बघितलंय. आणि पिशवी बांधायच्या आधीच्या वर्षीही गाडी बंद पडत होतीच की. मग पिशवीचा संबंध काय?

संबंध हा. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल वरून खाली आपल्या वजनाने उतरतं. जितकं खाली जाईल तितकी हवा वर यावी लागते, ती यायला झाकणात बारीक वाट ठेवलेली असते. ती वाट बुजली तर टाकीत निर्वात होतो, पेट्रोलची धार बारीक होते, गाडी मिसिंग मारते आणि थांबते. थोडा वेळ थांबलं की कुठूनतरी हवा शिरते आणि गाडी चालू. झाकण उघडलं तर लगेच. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर वर हवेला जागाच थोडी, म्हणजे हे आणखी लवकर होणार. ओलं प्लास्टिक, ताणून, वर रबराची रिंग. मी ती वाट स्वतःच्या हाताने बुजवली होती. आजार दोन, लक्षण एकच, आणि दुसरा माझ्या औषधाने झालेला असू शकतो.

झाकण उघडताना सुस्स असा आवाज आला होता का? हे मी स्वतःला शंभर वेळा विचारलंय. कधी वाटतं आला होता. पण भर पावसाच्या आवाजात काय ऐकू येणार? आता मला जो ऐकू येतो तो आवाज मी नंतर भरलेला असणार.

नववीच्या मुलांना मी दरवर्षी सांगतो की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही. आणि मी संध्याकाळी पिशवी फेकली, सकाळी कॅप बदलली, वर पाऊसही उघडला. तीन गोष्टी चोवीस तासांत.

कुणी म्हणेल, अजूनही बघता येईल. नवी कॅप आहेच, टाकी काठोकाठ भर, पिशवी बांध आणि पावसात कासला जाऊन ये. चाललीच तर कॅपच होती. थांबली तर निदान पिशवीनेही थांबते एवढं तरी कळेल. मला कळतं हे. दोन पावसाळे गेले, केलं नाही. वेळ मिळाला नाही असं मी म्हणतो. रोज त्याच रस्त्याने जातो आणि दूधही रोज पिशवीतलंच येतं.

नव्या सरांना मात्र नीट सांगतो: बंद पडली की आधी फक्त झाकण उघडा, बाकी कशाला हात लावू नका, आणि मग किक मारा. चालू झाली नाही तर रात्री अंधारात फवारा. वाटीतलं पेट्रोल बाटलीत काढून बघा. आणि एसटी दिसली तर हात करा.

पोरगा मार्चला बसलाच नाही. फॉर्म भरायला मी दोनदा निरोप धाडला, वाडीवरही जाऊन आलो. तोवर तो वाशीला मार्केटात चुलत्याबरोबर कामाला लागला होता. आमच्या जावळीतली निम्मी घरं अशीच माथाडीवर चालतात, तेव्हा एका पेपरने त्याचं काही बिघडवलं असं म्हणणं जरा जास्तच होईल. इंग्रजी त्या जुलैत तो पास झाला होता. तेही सांगायला हवं. एकच विषय राहिला.

गेल्या चैत्रात वाडीच्या यात्रेला आला होता. अंगाने भरलाय, मिशी फुटलीय. पाया पडला, मी नको म्हणेपर्यंत पडलाही. मग गाडीकडे बघून म्हणाला, "हीच हाय व्हय अजून?"

"हीच."

"पावसात बंद पडती का?"

"नाही. प्लगची कॅप होती."

त्याने टाकीवरून एकदा हात फिरवला. झाकणावर नेऊन थांबवला की मला तसं वाटलं, माहीत नाही. "असंल, सर," म्हणाला, आणि जेवायला चला म्हणून मागे लागला.