जुन्या कॉलेजचं दप्तर वाचायचं कसं

तालुक्याच्या गावातलं जुनं कॉलेज नेमकं कोण चालवतं, हे फाटकावरच्या पाटीवरून कळत नाही. ते संस्थेच्या प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताच्या वहीत असतं. तेही धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट १ ची (विश्वस्तांची नावं असलेल्या नोंदीची) नक्कल शेजारी ठेवून वाचलं तरच समजतं.

संस्था बहुधा दोन कायद्यांखाली नोंदलेली असते: १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. निवडणूक झाली, कुणी वारलं किंवा राजीनामा दिला, की विश्वस्त कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत त्या बदलाची माहिती, म्हणजे चेंज रिपोर्ट, धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. गाडं अडतं ते इथंच. एक रिपोर्ट प्रलंबित राहतो, त्यावरच पुढची निवडणूक उरकली जाते, आणि तिसऱ्या खेपेला दोन गट दोन प्रोसिडिंग बुकं घेऊन उभे राहतात. मधल्या काळात पगारबिलावर सही कुणाची, हा प्रश्न कर्मचाऱ्यांच्या पोटावर येतो.

म्हणून प्रत्येक सभेबाबत चार गोष्टी पाहा. नोटीस संस्थेच्या घटनेत दिलेल्या मुदतीआधी निघाली का? गणपूर्ती होती का? सूचक-अनुमोदक त्या दिवशी सभासद यादीवर होते का? पुढच्या सभेत इतिवृत्त कायम झालं का? दोन ठरावांच्या मध्ये वेगळ्या शाईची ओळ घुसलेली दिसली, तर आवक-जावक रजिस्टर काढा. नोटीस खरंच गेली असेल तर तिचा जावक क्रमांक तिथं सापडायला हवा.

कॉलेजची समिती वेगळी. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यातल्या कलम ९७ ची महाविद्यालय विकास समिती वर्षातून किमान चारदा बसली पाहिजे. प्राचार्य तिचे सदस्य-सचिव असतात, तीन शिक्षक निवडून येतात. त्याआधीचे कागद १९९४ च्या कायद्यातल्या स्थानिक व्यवस्थापन समितीच्या नावानं शोधा.

संस्थेचं जुनं कॅशबुक उघडलंत, तर १ एप्रिल १९५७ आधीचे आकडे रुपये-आणे-पै मध्ये असतील. १२-७-६ म्हणजे १२ रुपये, ७ आणे, ६ पै. आजच्या हिशेबात सुमारे १२ रुपये ४७ पैसे. आणा १२ पैंचा, रुपया १६ आण्यांचा.

सगळ्यात मोलाचं मात्र दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची आणि नाव कमी केल्याची, जातीच्या रकान्यासह नोंदवही. संस्थेची शाळाही जुनी असेल तर तिचं आधी सांभाळा. जात पडताळणीत अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. खेड्यातल्या कित्येक घरांकडे आजोबांच्या नावाचा दुसरा कागदच नसतो. जातीच्या रकान्यात कुणाच्या विनंतीवरून पेन लावू नका. जात पडताळणी समितीचं दक्षता पथक मूळ पान तपासतं, आणि खाडाखोड दिसली की खरी नोंदही संशयात जाते.

निकालाची पडताळणी ज्या विद्यापीठानं परीक्षा घेतली तिथंच होते. नागपूर विद्यापीठ १९२३ चं, अमरावती १९८३ चं, गोंडवाना २०११ चं. त्यामुळे गडचिरोली-चंद्रपूरकडची १९९५ ची गुणपत्रिका नागपूरलाच पाठवावी लागते.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. गोंद पिवळा पडून शाई ओढतो. लॅमिनेशन तर कधीच नको, ते पुन्हा निघत नाही. आपल्याकडे मे महिन्यात टिनाच्या छपराखाली कागद पापडासारखा होतो आणि पावसाळ्यात ओल धरतो, म्हणून रजिस्टरं स्लॅबच्या खोलीत, भिंतीपासून वीतभर दूर, लोखंडी रॅकवर आडवी ठेवा. सुतळीनं कडा कापल्या जातात. सुती कापडाचा बस्ता बांधून रुंद नाडा वापरा. खालचा कप्पा जमिनीपासून अर्धा फूट उंच हवा, नाहीतर वाळवी तिथूनच चढते.

स्कॅन ३०० डीपीआयवर, रंगीत करा. काळ्या-पांढऱ्यात शाईचा फरक जातो, आणि वाद झाला की नेमका तोच पाहायचा असतो. कोरी पानं आणि मुखपृष्ठही वगळू नका.