पाठीतलं पाणी, नॉर्मल रिपोर्ट आणि डामा

लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये, म्हणजे बहुतेक वेळा एएलएलमध्ये (अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया), आईबाप तोंडावर ‘नको’ क्वचितच म्हणतात. ‘गावी जाऊन विचारून येतो’ म्हणतात आणि येत नाहीत. फाइलवर शेरा पडतो: डामा, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून घरी नेलं.

पहिला नकार येतो तो मणक्यात सुई टोचायच्या वेळी. ‘पाठीतलं पाणी काढलं की पोर लुळं पडतं’ हे वॉर्डात खाटेखाटेवर फिरत असतं. नुसतं ‘काही होत नाही’ म्हणून भागत नाही, कागदावर काढून दाखवावं. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, सुई जाते त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्याच्या फटीत. पाणी निघतं थोडे मिलिलिटर. त्याच सुईतून मेथोट्रेक्सेट हे कॅन्सरचं औषध सोडतात, कारण शिरेतून दिलेली बरीच औषधं मेंदूपर्यंत पुरेशी पोचत नाहीत.

दुसरी वेळ महिनाभराने, आणि ही जास्त घातकी. बोन मॅरोत ब्लास्ट, म्हणजे कॅन्सरच्या कच्च्या पेशी, ५ टक्क्यांच्या खाली आले, पोर खेळायला लागलं. स्टिरॉइडने तोंड सुजलेलं, डोक्यावर केस नाहीत. आजी म्हणते, रोग गेला, आता औषधंच पोराला खातायत. दिसतं तसंच बोलते ती! घात करतं ते डॉक्टरांचं ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ हे वाक्य. अजून अब्जावधी पेशी दडलेल्या असू शकतात, म्हणून उपचार दोन-अडीच वर्षं. शेतकऱ्याला हरळीचं उदाहरण पुरतं: वरून उपटली तरी मुळं खाली राहतात. उलटलेला आजार मात्र पहिल्यासारखा आटोक्यात येत नाही.

पुढे घरच्या गोळ्या. मर्कॅप्टोप्युरिन रोज, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. चुकून रोज दिली तर तोंडभर फोड येतात, रक्तातल्या पेशी कोसळतात, जिवावर बेततं. वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा. ताप १००.४ झाला की पॅरासिटामॉल देऊन वाट बघत बसू नये, थेट दवाखाना.

महात्मा फुले योजनेत उपचाराचा खर्च निघतो, बुडालेली रोजंदारी निघत नाही. घरी दुसरं पोर, म्हातारी, जनावरं असतात. धर्मशाळा, रेल्वेची सवलत ही कामं पहिल्याच आठवड्यात सोशल वर्करकडून करून घ्यावीत. आईबाप उपचार नाकारत असतील तर बाल कल्याण समितीकडे जाता येतं, जीव धोक्यात असेल तर जावंच. पण दोन वर्षांच्या गोळ्या पोलिसांच्या धाकाने गिळवता येत नाहीत.

तरीही निघालेच, तर सहीबरोबर हातात मराठीत चिठ्ठी द्या: औषधं, डोस, पुढची तारीख, वॉर्डाचा फोन. त्या तारखेला कोणी आलं नाही तर फोन त्याच संध्याकाळी लावा.