न वापरलेल्या विजेचा हिशेब

सोसायटीत नवे टीओडी मीटर, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार वेगळा दर लावता येणारे मीटर, बसले, त्या सुमारास झालेल्या बैठकीत शेजारच्या काकूंनी विचारले, "संध्याकाळी मी गीझर लावलाच नाही, तर त्याचे पैसे मला कोण देणार?" युरोपातील वीजधोरणाचा गेली काही वर्षे अभ्यास करताना मला वारंवार भेटलेला प्रश्न हाच आहे.

युरोपीय संघाच्या २०१२ च्या ऊर्जा कार्यक्षमता निर्देशाने सदस्य देशांना सांगितले की, वीजनिर्मितीप्रमाणेच मागणीतील कपातीलाही बाजारात स्थान मिळाले पाहिजे. फ्रान्सने २०१३ च्या अखेरीस 'नेबेफ' ही व्यवस्था सुरू केली. तिच्यात अनेक ग्राहकांची कपात एकत्र करणारा मध्यस्थ ती घाऊक बाजारात विकू शकतो. मात्र ती वीज ग्राहकाच्या पुरवठादाराने आधीच खरेदी केलेली असल्यामुळे मध्यस्थाला त्या पुरवठादाराला भरपाई द्यावी लागते. या भरपाईवरून बरेच वाद झाले, आणि अखेर युरोपीय संघाच्या २०१९ च्या वीज निर्देशाने भरपाईला मुभा दिली, पण ती नव्या मध्यस्थांच्या वाटेतला अडसर ठरू नये, अशी अट घातली. मला ही अट न्याय्य वाटते.

त्याहून अवघड प्रश्न मोजमापाचा आहे. जी वीज वापरलीच नाही ती मीटरवर दिसत नाही. एरवी किती वापरली असती याचा अंदाज बांधूनच मोबदला ठरतो, आणि आधीचा वापर मुद्दाम वाढवून तो अंदाज फुगवता येतो. म्हणूनच घरगुती ग्राहकांसाठी मला फ्रान्सचा जुना 'टेम्पो' दर अधिक प्रामाणिक वाटतो: वर्षातले २२ दिवस 'लाल', तेही हिवाळ्यातले, आणि त्या दिवसांत वीज फार महाग. तिथे अंदाज बांधावा लागत नाही, काकूंचे पैसे बिलातच वाचतात.

मात्र कार्यक्षमता, म्हणजे एकूण वापर कमी करणे, आणि वेळबदल, म्हणजे तोच वापर दुसऱ्या वेळी करणे, एकाच मापाने मोजू नयेत. युरोपीय संघाच्या २०२३ च्या सुधारित ऊर्जा कार्यक्षमता निर्देशाने, २०२० मध्ये वर्तवलेल्या वापराच्या तुलनेत, २०३० पर्यंत ऊर्जावापरात ११.७ टक्के घट करण्याचे लक्ष्य ठेवले आहे. परंतु रात्री तापवून ठेवलेले पाणी सकाळपर्यंत थोडी उष्णता गमावतेच, म्हणजे ग्रिडचा ताण हलका होतो आणि वापर किंचित वाढतो.

पुण्याने २००६ मध्ये ग्रिडवरचा ताण हलका करण्याचा वेगळा अनुभव घेतला. उद्योगांनी ताणाच्या तासांत स्वतःचे जनरेटर चालवले, त्याचा जादा खर्च ग्राहकांवर विभागला गेला आणि शहराचे भारनियमन टळले. तेव्हाचा दिलासा मला आठवतो, पण ग्रिडवरून उतरलेला तो भार डिझेलवर चढला होता, हेही विसरता येत नाही.

आता केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी सूर्यप्रकाशाच्या तासांतील दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवण्यास सांगितले आहे. त्यामुळे पुढच्या बैठकीत मी सोसायटीचा पाण्याचा पंप संध्याकाळऐवजी दुपारी चालवण्याचा प्रस्ताव मांडणार आहे. गच्चीवरच्या टाकीत चढलेले पाणी संध्याकाळपर्यंत थांबले तरी त्यातून काहीच वाया जात नाही.