आधी वारा बघा, मग ग्लास पुढे करा

समुद्रकिनाऱ्यावरच्या वाइन महोत्सवाला निघताना बहुतेक जण सहभागी वाइनरींची यादी चाळतात. त्याऐवजी त्या दिवसाचं ऊन आणि वारा बघितला तर जास्त फायदा होतो. बंद खोलीत चाखलेली वाइन उघड्यावर, खाऱ्या हवेत चाखली की ओळखू येणार नाही इतकी बदलते. हे ध्यानात न घेता चाखत सुटलं की चांगली बाटली नाकारली जाते आणि भलतीच पिशवीत येते.

वाऱ्याचं गणित शाळेच्या भूगोलातलंच आहे. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि समुद्राकडून खारे वारे सुटतात. निरभ्र, उन्हाच्या दिवशी ते साधारण सकाळी उशिरा सुरू होतात, दुपारी जोर धरतात आणि सूर्यास्ताच्या सुमारास पडतात. वाइनचा वास म्हणजे ग्लासात तिच्या वर साठलेली वाफ. वारा नेमकी तीच उडवून नेतो. म्हणून भर दुपारी नाजूक वासाची पांढरी वाइन ‘पाण्यासारखी’ वाटते. चाखण्यासाठी चांगली वेळ दोनच: फाटक उघडल्यावरचा पहिला तास-दीड तास, किंवा वारा पडल्यानंतरची संध्याकाळ. दुपारीच जायचं असेल तर वाऱ्याकडे पाठ करा, ग्लास छातीशी धरा, ग्लासच्या तोंडावर तळहात ठेवून तो दोन-तीनदाच फिरवा आणि हात काढताक्षणी नाक घाला. एरवीसारखा ग्लास गरगर फिरवत उभं राहिलात तर सगळा वास शेजारच्याला जाईल. अत्तर लावून येऊ नका आणि सनस्क्रीन बिनवासाचं निवडा. अर्थात तुम्ही पाळलंत तरी शेजारचा पाळेलच असं नाही.

वारा ओठांवर मीठही आणून ठेवतो. मिठामुळे जिभेला कडूपणा कमी जाणवतो, त्यामुळे किनाऱ्यावर मऊ वाटलेली लाल वाइन घरी कडवट निघू शकते. खारट खाल्ल्यावरही तेच होतं. विकत घ्यायचं नक्की करण्याआधी ओठ पुसा, साध्या पाण्याने चूळ भरा, पावाचा कोरा तुकडा चावा आणि मग पुन्हा एक घोट घ्या.

आता तापमान, कारण उघड्यावर सगळ्यात जास्त घात तिथेच होतो. फेसाळ वाइन 6 ते 8 अंश सेल्सिअसला चांगली लागते, हलकी पांढरी आणि गुलाबी 8 ते 10 ला, भारदस्त पांढरी 10 ते 13 ला, हलकी लाल 12 ते 14 ला आणि जड लाल 16 ते 18 ला. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला थंड देशांतल्या खोल्यांचा आहे, उन्हात तापलेल्या मांडवाचा नाही. 28 अंशांवरच्या लाल वाइनमधून आधी मद्यार्काचा भपका येतो, फळाचा वास मागे पडतो आणि चव ढिली, गोडसर लागते. बाटली दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवायला बिनधास्त सांगा. त्यात अडाणीपणा नाही. बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी हवं. नुसत्या बर्फाचे खडे बाटलीला इथे-तिथेच टेकतात आणि मध्ये हवा राहते. पाणी सगळीकडून भिडतं. अशा बादलीत उबदार पांढरी वाइन वीसेक मिनिटांत दहा अंशांच्या आसपास येते. उलट चूकही सर्रास होते. दिवसभर बर्फात बुडालेली पांढरी वाइन 3-4 अंशांवर बिनवासाची आणि नुसती आंबट लागते. तेव्हा ग्लासचा पोटाकडचा भाग तळव्यात धरून दोन मिनिटं थांबा. एरवी मात्र ग्लास दांडीलाच धरायचा.

क्रमाचा नेहमीचा नियम असा: फेसाळ, मग पांढरी, मग लाल, शेवटी गोड, हलकीकडून जडकडे. खोलीत हा नियम बरोबर आहे. कडक उन्हाच्या दिवशी मात्र मी तो मोडायला सांगेन. लाल वाइन रात्रीच्या गारव्यातून नुकत्याच आलेल्या असतात, तेव्हा सकाळी त्या आधी उरका. पांढऱ्या बर्फातच असतात, त्या दुपारपर्यंत टिकतात. लालनंतर पांढरीकडे वळताना तोंडातला तुरटपणा जायला दहा-पंधरा मिनिटं आणि थोडा पाव लागतो, एवढाच तोटा. गोड वाइन मात्र शेवटीच, कारण तिच्यानंतर कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, वाइन नुसती आंबट लागते.

गर्दीच्या स्टॉलवरची वाइन ताजी असते आणि ओस स्टॉलवरच्या वाइनवर अनेकदा अन्याय होतो. 750 मिलीच्या बाटलीत 30 मिलीचे पंचवीस घोट निघतात. गर्दीत बाटली काही मिनिटांत संपते. ओस स्टॉलवर तीच सकाळपासून उघडी असते. ‘ही कधी उघडली?’ एवढं विचारा. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर तो वाइनरीच्या चवीचा दोष नाही, बुचाचा आहे. दुसरी बाटली मागा. पारदर्शक काचेतली गुलाबी वाइन उन्हात मांडलेली असेल तर तिला उकडलेल्या कोबीसारखा वास येऊ शकतो. ते प्रकाशाचं काम. अशा वेळी सावलीतल्या खोक्यातून मागा.

वाळूवर फुटलेली काच दिसत नाही, म्हणून अनेकदा ग्लास प्लॅस्टिकचा मिळतो. वाइन घेण्याआधी रिकामा ग्लास हुंगा. प्लॅस्टिकचा वास येत असेल तर थोड्या वाइननेच विसळून टाका, क्लोरीनच्या पाण्याने नको.

किती प्यायची, हा हिशेब लोक करत नाहीत. बारा स्टॉल, प्रत्येकी तीन वाइन, घोट 30 मिलीचा: 1,080 मिली, म्हणजे जवळजवळ दीड बाटली. 12.5 टक्क्यांच्या वाइनमध्ये हे 106 ग्रॅम अल्कोहोल झालं. शरीर तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅमच निपटतं, म्हणजे दहा ते पंधरा तास. शिवाय चढते ती उशिरा, शेवटच्या घोटानंतर अर्धा ते दीड तासाने. म्हणून चाखून झालेला घोट थुंका. बर्फाच्या बादलीखेरीज दुसरी बादली सगळीकडे असते ती त्यासाठीच. फक्त तोंड बादलीजवळ न्या आणि वारा जिकडे वाहतोय तिकडेच थुंका, नाहीतर सदऱ्यावर कायमचा डाग. थुंकूनही थोडं अल्कोहोल पोटात जातंच. रिकाम्या पोटी जाऊ नका, पाणी पीत राहा, गाडी दुसऱ्याला चालवू द्या आणि ‘जरा डुंबून येतो’ म्हणत पाण्यात शिरू नका.

चाखताना कागद-पेन्सिल ठेवा. दमट हाताने पेन चालत नाही आणि उन्हात फोनचा पडदा दिसत नाही. नाव, साल आणि एक शब्द पुरे. बाटल्या अगदी निघताना विकत घ्या. बंद गाडी उन्हात 50 अंशांच्या वर जाते, वाइन प्रसरण पावते, बूच वर ढकललं जातं आणि मानेशी चिकट ओघळ दिसतो. असं बूच स्टॉलवरच दिसलं तर ती बाटली परत खोक्यात ठेवायला सांगा.