हवेतलं बटन आणि आमचा कूलर

माझा भाचा पुण्याला डिझाईन शिकतो, यंदा मे महिन्यात गावी आला तो कॉलेजचा प्रोजेक्ट घेऊनच. विषय काय तर घरातली बटनं भिंतीवर नकोच, उजेडाचं बटन समोर हवेत तरंगणार, आपण बोट नेलं की ते बोटाला लागणार पण. मला वाटलं पोट्ट्याला ऊन लागलं.

मग त्यानं समजावलं. बारक्या बारक्या स्पीकरची पाटी असते म्हणे, त्यातून ४०,००० हर्ट्‌झचा आवाज निघतो, तो कानाला ऐकू येत नाही पण सगळ्या स्पीकरचा आवाज एकाच जागी जुळवला की तिथं कातडीवर दाब पडतो, आणि तो दाब सेकंदाला दोनेकशे वेळा कमीजास्त केला की बोटाला मुंग्या आल्यासारखं कळतं. हे काही आजचं नाही, टोकियो विद्यापीठात हिरोयुकी शिनोदांच्या टीमनं २००९ मध्येच तळहातावर पावसाचे थेंब पाडून दाखवले. थेंब दिसतात, टपटप लागतात, आणि हात कोरडाच.

बाबा खाटेवर पडून ऐकत होते. "असा पाऊस तं आपल्याकडं कितीकदा पडते बाप्पा," म्हणाले अन् कूस बदलली.

तेवढ्यात आई ज्वारीच्या पिठाचे दोन्ही हात घेऊन बाहेर आली, बोर्डाजवळ गेली, कोपरानं खट् करून लाईट लावला अन् परत चुलीकडं. भाचा तिच्याकडं बघतच राहिला. त्याच्या प्रोजेक्टच्या चित्रात हात कुठं आलाय ते बघायला एक कॅमेरा होता, तो फक्त पंजा शोधत होता, कोपराचा विचार कोणी केलाच नव्हता. आणि मला विचाराल तर खरा घोळ त्या खट् चा आहे, अंधारात तिसरं बटन बल्बचं हे हाताला पाठ असतं आणि दाबलं गेलं की नाही हे तो खट् सांगतो. नुसत्या मुंग्यांनी ते भागेल का?

मुंग्यांचं म्हणाल तर ती सोय आमच्या पत्र्याच्या कूलरमध्ये कधीचीच आहे. खाली ओली फरशी, पत्र्यात हलका करंट, म्हणून घरात सगळे आधी उलटा हात टेकवून बघतात, करंट लागला तर बोटं आत वळतात पण पत्रा मुठीत धरल्या जात नाही. कितीदा म्हटलं अर्थिंग करून घ्या, पण कूलरची आठवण होते उन्हाळ्यात आणि वायरमन सापडतो पावसाळ्यात.

गरम होत होतं, भाचा उठला, कूलरकडं गेला. आई आतूनच ओरडली, "चप्पल घाल बे आदी!"